सुलट बाजू पलीकडे

त्या रविवारी आईने कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि रोपवाटिकेचं रंगीत पुस्तक मधोमध उघडून ठेवलं. एरवी त्या टेबलावर चहाचा कप ठेवायची कुणाची टाप नव्हती. आज तिने स्वतःचा कपही ठेवला आणि माझाही. मी समजले, बाई गंभीर आहेत.

आई पडदे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं दुकान, मागे स्वयंपाकघर, त्यामागे छोटं अंगण आणि अंगणाच्या टोकाला विटांची भिंत. भिंतीपलीकडे शिट्टीसर राहायचे. ते शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्तीनंतर गळ्यातली शिट्टी गेली, आवाज मात्र तसाच राहिला, त्यामुळे आईने ठेवलेलं नावही राहिलं. मी शाळेत असल्यापासून त्या भिंतीवर क्लेमॅटिसचा, मोठ्या जांभळ्या फुलांचा वेल होता. हिवाळा सरता सरता एका वादळाने तो जाळीसकट खाली ओढला आणि त्याचा बुंधा जमिनीलगत मोडला. भिंत उघडी पडली. आईला ते बघवत नव्हतं. खिडकीला मुळातच पडदा नसला तर चालतं, ती म्हणायची, पण काढलेल्या पडद्याच्या खुणा दिसल्या की घर उघडं वाटतं.

"या वेळी सुलट लावायचा," ती म्हणाली.

तो वेल उलटा होता, हा आमच्या घरातला जुना विनोद. आईने तो लावला तेव्हा पडदा बेतावा तसा बेतला होता. भिंतीची रुंदी मोजली, चुण्यांसाठी पडद्याला जसं जास्तीचं कापड धरतात तशी जाळी ऐसपैस बांधली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमका मध्यभागी दिसेल असं रोप लावलं. एक गोष्ट राहिली. सकाळचं ऊन आमचंच घर अडवायचं, आणि दुपारपासून मावळेपर्यंत सूर्य शिट्टीसरांच्या बाजूला. वेल आमच्या सावलीत मुळं पसरून मुकाट्याने चढला, माथ्यावर पोचल्यावर त्याला ऊन दिसलं, आणि तो पलीकडे उतरला. फुलं सगळी तिकडे. आमच्याकडे देठ, पानं, आणि माथ्यावर अडकलेली जी काही फुलं होती त्यांची पाठ.

"जन्मभर पडदे शिवले," आई सांगायची, "आणि एकच उलटा टांगला. तोही स्वतःच्या घरात." दुसऱ्या कुणी म्हणण्याआधी ती स्वतःच म्हणून टाकायची. पहिलं फूल उमललं की पलीकडून सरांची हाक यायची, "बाई, तुमची मंडळी आमच्याकडे जेवायला आली हो." आई खिडकीतूनच ओरडायची, "घाला जेवायला. परत पाठवू नका, इथे काही शिजवलेलं नाही."

तर आता नवा वेल. पुस्तकात जातवार फोटो होते आणि आई त्यांच्याकडे कापडाचे नमुने बघावेत तशी बघत होती, पान जरा लांब धरून, डोळे बारीक करून. तिला भरगच्च फूल हवं होतं. दारातून आत आलेल्या माणसाने आधी फूल बघावं आणि मग मला, असं ती म्हणायची. दुहेरी पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, हे फूल आहे की उशीचा अभ्रा. 'मोंटाना' नावाच्या जातीला बारीक गुलाबी फुलं येतात, पण इतकी की मोजणाऱ्याने हात टेकावेत. मात्र ती छपरावरही चढते असं लिहिलं होतं. आईने पान उलटलं. छप्पर गळलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, त्यात वर जंगल कशाला.

शेवटी दोन उरल्या. 'नेली मोझर' फिकट गुलाबी, फूल बशीएवढं, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद पट्टा. उन्हात तिचा रंग उडतो आणि सावलीत टिकतो, म्हणजे आमच्या बाजूला ती तोंड करून फुलली असती. दुसरी 'जॅकमनाय'. गडद जांभळी, उन्हाळाभर फुलणारी, ऐन बहरात पान दिसू न देणारी. पण तिला ऊन हवं. आमचा जुना वेल बहुतेक तोच होता. त्याची चिठ्ठी पहिल्याच पावसात वाहून गेली होती, त्यामुळे खात्री कुणालाच नव्हती.

"सावलीचा विचार केला तर ही पट्ट्यांची बरोबर आहे," आई म्हणाली. "पण पट्टे म्हटलं की मी हात जोडते. आयुष्य गेलं शिवणीवर पट्टे जुळवण्यात. आता फुलांचे जुळवत बसू?" मग तिने चष्मा कपाळावर ढकलला. "तुला कोणता हवा?"

"तुला हवा तो."

"मी तुला विचारतेय."

"मला कुठलाही चालेल, आई."

"चालेल म्हणजे? ती काय बस आहे, कुठलीही पकडली तर चालेल?" तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "पुस्तकांवर बोलायला लागलीस की तासभर थांबत नाहीस. आणि जेवायला काय करू विचारलं की हॉटेलातल्या वेटरसारखी माझ्याच तोंडाकडे बघतेस. लहानपणापासून हेच. तुला हवा तो, तुला हवं ते. अगं, तुला काय हवंय?"

मी हसले. तीही हसली, पण पुस्तक मिटलं नाही. मी ग्रंथालयात काम करते. दिवसभर लोकांना हवं ते शोधून देते आणि संध्याकाळी मला काय हवं हे कुणी विचारलं तर दचकते. आईला हे मी सांगितलंही असतं. पण तिचं ठरलं होतं. पुढच्या रविवारी आपण रोपवाटिकेत जायचं. तिथे ती तोंड उघडणार नाही. आणि मी बोट दाखवल्याशिवाय दोघींनी घरी यायचं नाही.

निघण्याआधी मी नेहमीप्रमाणे सुया ओवून ठेवल्या. मशीनवर तिची नजर अजून सरळ चालायची, पण सुईचं नाकं दिसेनासं झालं होतं. म्हणून दर रविवारी मी आठवड्याभराच्या सुया ओवून सुया टोचायच्या छोट्या गादीवर लावून ठेवायची. पांढऱ्या, क्रीम, करड्या. त्या दिवशी तिने एक लाल दोऱ्याची ओवायला सांगितली. लाल पडदा कुणाचा आहे, मी विचारलं. कुणाचाच नाही, ती म्हणाली. असू दे एक, बरी दिसते.

मंगळवारी सकाळी एक गिऱ्हाईक माप पक्कं करायला आलं, तेव्हा आई खुर्चीत बसलेली होती आणि मांडीवर अस्तर होतं. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेल्या, त्यांना कळलंही नसेल. हे वाक्य मी कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं आणि दर वेळी लेखकाचा आळस म्हणून सोडून दिलं होतं. प्रत्यक्षात ते फार उपयोगी पडलं. मी ते बरेच दिवस जवळ ठेवलं.

त्यानंतर मी आईच्या घरी राहायला आले, आधी कामापुरती. अर्धवट पडदे तसेच होते आणि गिऱ्हाइकं संकोचून दारातूनच परत जायची. मी त्यांना आत बोलावलं. मशीन मला बेताचंच जमतं, पण हाताची तुरपाई आईने मला लिहायला येण्याआधी शिकवली होती. संध्याकाळी ग्रंथालयातून आल्यावर मी पुढच्या खोलीत दिवा लावून बसायची आणि गादीवरची ओवलेली सुई उचलायची. मीच ओवलेल्या सुया माझ्याच हाती येत होत्या, याचं आधी विचित्र वाटलं, नंतर बरं वाटायला लागलं. कापडाची कात्री दुसऱ्या कशाला लावायची नाही हा आईचा नियम, म्हणून ती मी सुतळीलासुद्धा लावली नाही. आई असती तर तिने हात कापला असता. पडदे एकेक करून गेले. गादीवर शेवटी लाल दोऱ्याची सुई राहिली. ती मी राहू दिली.

त्याच दिवसांत शिट्टीसर आले. इतक्या वर्षांत ते भिंतीवरूनच बोलायचे. पुढच्या दाराने आलेले मी पहिल्यांदा पाहिले. दुकानात शिरल्यावर त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं. मी चहा टाकला. ते स्वयंपाकघरात खिडकीशी बसले आणि उघड्या भिंतीकडे बघत राहिले.

"या बाजूने कधी बघितलीच नव्हती," ते म्हणाले. "फुलं सगळी आमच्याकडे. तुम्हाला फारच वाईट दिसायचं की, पोरी."

मी म्हटलं, आईची चूक. आणि तो उलट्या पडद्याचा विनोद त्यांना सांगितला. त्यांनी तो याआधी नक्की ऐकला असणार, असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"चूक?" त्यांनी कप खाली ठेवला. "तो वेल तुझ्या आईने आमच्यासाठी लावला होता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काकू, म्हणजे त्यांची बायको, तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मागच्या खोलीत पलंग, खिडकीसमोर ही भिंत. सरांनी खिडकीला पडदा शिवायला आईला बोलावलं. आईने मापं घेतली. काकू म्हणाल्या, कशाला पडदा, झाकण्यासारखं बाहेर काही नाही आणि बघण्यासारखंही नाही. आईने टेप गुंडाळला. बघते काहीतरी, एवढं म्हणून ती निघून गेली. पडदा काही तिने शिवला नाही. थोड्याच दिवसांत भिंतीच्या आमच्या बाजूने खणल्याचा आवाज यायला लागला. काकूंनी त्या वेलाचे दोन बहर पाहिले. दुसऱ्यात त्यांना नीट दिसत नव्हतं, तेव्हा सर रोज सकाळी किती उमलली ते मोजून सांगायचे आणि, त्यांनी कबूल केलं, थोडी वाढवून सांगायचे.

"मी एकदा तिला म्हटलं, बाई, तुमचे उपकार झाले," सर म्हणाले. "तर म्हणते कशी, कसले उपकार, माझा पडदा उलटा लागला. आणि तेच धरून बसली. मग मीही पुढे जेवणाखाणाची थट्टा सुरू केली. तिला तेच सोयीचं होतं."

सर गेल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसले. मला ठरवता येत नव्हतं. कापायच्या आधी प्रत्येक कापड खिडकीशी धरून उजेड बघणाऱ्या बाईला, स्वतःच्या अंगणात ऊन कुठून येतं हे माहीत नसेल? दुसरीकडे, आईने एकदा एका डॉक्टरांच्या दवाखान्याचे सगळे पडदे वीतभर आखूड शिवले होते, आणि पायांशी हवा खेळती राहते म्हणून त्यांच्या गळ्यात मारले होते. चुका तिच्या हातून व्हायच्या, आणि झालेली चूक कामाला आली तर ती तिचं श्रेय घेत नसे, एवढं मला माहीत होतं. कदाचित ती खरोखरच चुकली असेल आणि पलंगावरच्या बाईला फुलं दिसतात हे कळल्यावर गप्प राहिली असेल. आता ते विचारायला कुणी नाही. मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्हींत आई तीच आहे.

जाताना सर एक बोलून गेले होते. ते मात्र मला बोचलं. "नवा लावशील तो तुमच्या बाजूला फुलेल असा लाव. आम्ही पुष्कळ पाहिलं. आता तुला काय हवं ते बघ."

म्हणजे तेही तेच विचारत होते.

रोपवाटिकेत मी एका रविवारीच गेले. झाडांना अजून फुलं नव्हती. काठीला बांधलेल्या सुतळीएवढ्या कांड्या, त्यांवर नुकती फुटलेली पानं, आणि प्रत्येकीच्या गळ्यात फुलाच्या फोटोची चिठ्ठी. रोपवाटिकेची मालकीण हातातली माती एप्रनला पुसत आली आणि भिंत कशी आहे, ऊन कुठून, किती वेळ, हे सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. तिने एका क्षणात नेली मोझर उचलून माझ्यासमोर ठेवली. याच जागेसाठी जन्मलीये म्हणा ना, ती म्हणाली. सावलीत रंग कसा उठून दिसेल, खिडकीतून कशी समोर दिसेल, हे ती सांगत होती आणि सगळं खरं होतं. आई म्हणाली होती तसं, सुलट. माझी मान हलायला लागली होती. तोंडात शब्दही आले होते, चालेल म्हणून.

तेवढ्यात मला टेबलाखालची जागा आठवली.

मी लहान असताना आई कापत असायची आणि मी त्या मोठ्या टेबलाखाली पुस्तक घेऊन बसायची. कापड दोन्ही बाजूंनी खाली लोंबायचं आणि मला ते आतून दिसायचं. वरून गिऱ्हाइकांना दिसणारी ठसठशीत फुलं आतून फिकी, पुसट, जरा लाजल्यासारखी. शिवणीचे टाके आतूनच दिसायचे, गाठी, एकीकडून दुसरीकडे गेलेला दोरा, आईने खडूने मारलेली रेघ. मला वाटायचं, खरं कापड हेच. मोठी झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीत अभ्यासाला बसायची. उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य पलीकडे खाली आला की भिंतीच्या माथ्यावरच्या त्या पाठमोऱ्या फुलांतून उजेड आत यायचा. प्रत्येक पाकळीच्या पाठीवरच्या शिरा दिसायच्या, मधोमध फिकट, कडेला जांभळ्या. आई मागे भांडी आदळत म्हणायची, बघ, पुन्हा आपल्याकडे पाठ. मी हूं म्हणायची. तिला एवढी रुखरुख होती की मला ते तसंच आवडतं हे सांगणं बरं वाटायचं नाही.

"ही नको," मी म्हणाले.

मालकिणीने रोप खाली ठेवलं. मी बोट दाखवलं. 

"ती जांभळी द्या. जॅकमनाय."

"अहो, पण तुमची जागा सावलीची. ही भिंत ओलांडून जाईल. फुलं सगळी शेजाऱ्याची होतील."

"होऊ देत."

"मग तुम्हाला काय मिळणार?"

"पाठ," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. मग खांदे उडवून रोप कागदात गुंडाळायला घेतलं. रोप खोल लावा, ती म्हणाली, कोंब फुटायचे खालचे डोळे मातीत गेले पाहिजेत. मुळांवर फरशीचा तुकडा ठेवा. आणि दर हिवाळ्याच्या शेवटी गुडघ्याच्या वर निर्दयपणे छाटा. हिला तेच मानवतं. मी म्हटलं, छाटायला स्वयंपाकघरातली कात्री आहे. तिला त्यातलं काही कळलं नसणार.

जाळी सरांनी बांधून दिली. मी त्यांना काय लावलंय ते सांगितलं नाही, पण पान बघून त्यांनी ओळखलं असावं, कारण बांधता बांधता ते गाठ अर्धवट सोडून नाक शिंकरायला घरी गेले. परत आल्यावर त्यांनी जुनाच आवाज लावला. गाठी कशा मारायच्या, जाळी भिंतीपासून किती सुटी हवी, यावर मला शाळेतल्या मुलीसारखं फैलावर घेतलं.

उन्हाळाभर मी पुढची खोली लावत राहिले. मशीन ठेवलं. टेबल ठेवलं, आणि आता त्यावर माझी पुस्तकं आणि कपसुद्धा असतात. याबद्दल मला अजून कुणी रागावलेलं नाही. शेजारच्या घरांतून कुणी ना कुणी तुरपाईला कापड आणतं. माझी स्वतःची भाड्याची खोली मी सोडली. कुणी कारण विचारलं तर मी सांगते की मला इथे राहायचंय. असं उत्तर द्यायला मला आवडतं हे माझ्या अलीकडेच लक्षात आलंय.

वेल पहिल्या वर्षी फारसा काही करत नाही, असं मला सांगितलं होतं. पण उन्हाळा उतरायला लागला तेव्हा एक फांदी भिंतीच्या माथ्याला पोचली. तिने इकडेतिकडे न बघता पलीकडे मान वळवली. कळ्या आल्या. एका संध्याकाळी मी चहा गाळत होते आणि पलीकडून शिट्टीच वाजल्यासारखी हाक आली.

"अगं ए पोरी, आमच्याकडे पाहुणी आलीये. जांभळी. चांगली हातभर आहे."

हातभर नव्हतीच. सर अजून वाढवून सांगतात. मी गाळणं खाली ठेवलं आणि खिडकीशी गेले.

"जेवायला घाला, सर," मी ओरडले. "परत पाठवू नका."

पलीकडे ते हसले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. माथ्यावर ते एकच फूल होतं, माझ्याकडे पाठ करून. सूर्य त्याच्या मागे उतरला होता, त्यामुळे पाकळ्या पेटल्यासारख्या दिसत होत्या, आणि पाठीवरच्या शिरा मला इथून मोजता आल्या असत्या. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथून टेबलाचा कोपरा दिसत होता, आणि गादीवरची लाल दोऱ्याची सुई.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसताना, "मला हाच हवा होता. उलटा. मला तो पहिल्यापासून उलटाच आवडायचा."